ईसीजी : हृदयाचा कंट्रोल चार्ट
(आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचे शब्दांकन)



सुरुवातीलाच एक खुलासा करतो. मी डॉक्टर नाही. सोलापूरच्या शासकीय तंत्रनिकेतनातून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, रेल्वेची परीक्षा दिली आणि चेन्नई मेलमध्ये बसून इकडे आलो, तो आजतागायत सिग्नल खात्यात आहे. सेक्रेटरी साहेबांनी 'हृदयावर बोला' म्हटले तेव्हा मी म्हणालो, अहो, मांडवात दोन-तीन डॉक्टर बसलेले असतात, त्यांना बोलवा. ते म्हणाले, "डॉक्टर आजारावर बोलतील. तुम्ही सौ. वहिनींच्या त्या क्लासबद्दल बोला." तेव्हा आजचा विषय हृदय नाही, हृदयाचा कागद आहे. तो वाचायला नर्सेसना कसे शिकवतात, आणि त्यात एका सिग्नलवाल्याचे काय काम, एवढेच मी सांगणार आहे.

तुमच्यापैकी रेल्वेतल्या मंडळींनी कंट्रोल ऑफिसमधला चार्ट पाहिलेला आहे. आडव्या बाजूला वेळ, उभ्या बाजूला स्टेशने, आणि प्रत्येक गाडीची एक तिरकी रेघ. पूर्वी सेक्शन कंट्रोलर पेन्सिलीने ओढत, आता कॉम्प्युटरवर उमटते. मुरलेल्या कंट्रोलरला चार्टकडे एकदा नजर टाकली की पुरते. कुठे गाडी रखडली, कुठे क्रॉसिंग झाले, सगळे त्याला दिसते. आपल्याला नुसत्या रेघा दिसतात. ईसीजीचेही अगदी तसेच आहे. आडवी बाजू वेळेची, उभी बाजू विजेच्या दाबाची. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो, म्हणजे एक बारीक चौकोन ०.०४ सेकंदाचा आणि पाच बारीक चौकोनांचा एक मोठा चौकोन ०.२ सेकंदाचा. उभ्या दिशेला १० मिलिमीटर म्हणजे एक मिलिव्होल्ट. आमच्या ट्रॅक सर्किटला निदान व्होल्टमध्ये तरी मोजता येते. इथे व्होल्टचा हजारावा भाग, तोही कातडीवरून उचललेला!

हे ज्याने प्रथम नीट साधले तो विल्यम आइन्थोव्हेन, हॉलंडमधल्या लायडनचा प्राध्यापक. जन्म मात्र आपल्या आशियातला, जावा बेटावरच्या सेमारंगचा. त्याच्या आधी १८८७ साली लंडनमध्ये ऑगस्टस वॉलरने माणसाच्या हृदयाची वीज नोंदवून दाखवली होती. या वॉलरचा जिमी नावाचा बुलडॉग होता. मिठाच्या पाण्यात पाय बुडवून तो शांत उभा राहायचा आणि त्याचा आलेख निघायचा. पुढे या प्रकारात कुत्र्याचा छळ होतो का, असा प्रश्न ब्रिटिश पार्लमेंटमध्येही विचारला गेला. आइन्थोव्हेनचे यंत्र सुमारे पावणेतीनशे किलोचे होते आणि ते चालवायला पाच माणसे लागत. रुग्णाचे दोन्ही हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत असे. आलेखावरच्या चढउतारांना पी, क्यू, आर, एस, टी ही अक्षरे त्यानेच दिली आणि १९२४ साली त्याला नोबेल मिळाले. आमच्या टेलिकॉमवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट सांगतो. यंत्र प्रयोगशाळेत, रुग्ण दीड किलोमीटरवरच्या इस्पितळात, आणि यंत्र हलवणे अशक्य. म्हणून १९०५ साली त्याने टेलिफोनच्या तारेवरून हृदयाचा आलेख मागवला. आज खेड्यातून मोबाइलवर ईसीजी येतो याचे आपल्याला कौतुक वाटते. त्याची मूळ तार सव्वाशे वर्षांपूर्वीची आहे.

आता मी या भानगडीत कसा पडलो ते सांगतो.

२०११ साली गणेश चतुर्थी १ सप्टेंबरला होती. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, एस.टी.त मेकॅनिक होते. निवृत्त होऊन तीन वर्षे झाली होती. गणपतीसाठी ते सोलापूरहून आमच्याकडे आले होते. तिसऱ्या दिवशी रात्री जेवण झाल्यावर त्यांना छातीत जड वाटू लागले, घाम आला. ते म्हणाले, "पित्त झालंय रे, मोदक जास्त झाले." आपल्याकडे पित्त, इथल्या लोकांत वायू, आणि सगळ्यांच्यात मिळून गॅस. या तीन शब्दांनी किती माणसे घरीच बसवून ठेवली असतील! आम्ही अर्धा तास सोडा-लिंबू केले आणि मग रिक्षाने जवळच्या एका लहान नर्सिंग होममध्ये नेले. त्याचे नाव घेत नाही, घ्यायचेही नाही.

तिथे ईसीजी काढला. कागदावर वेळ छापली होती, २३.४०. वरच्या कोपऱ्यात यंत्राने स्वतःच लिहिले होते : सायनस ऱ्हिदम, बॉर्डरलाइन ईसीजी. रात्रपाळीला एक तरुण डॉक्टर आणि एक सिस्टर होती. कागद पाहून ते म्हणाले, विशेष काही नाही, ॲसिडिटीचे इंजेक्शन देतो, सकाळी मोठे डॉक्टर पाहतील. कागद फाइलीत गेला. अण्णांना जरा बरे वाटले, ते झोपले. आम्हीही बाकावर बसून राहिलो.

माझी पत्नी नर्स आहे हे आपणांपैकी बहुतेकांना माहीत आहे. तेव्हा ती लेबर वॉर्डात काम करायची. पोटातल्या बाळाच्या ठोक्यांचा आलेख ती रात्रभर वाचत असे आणि त्यात तिची नजर पक्की होती. पण हा बारा तुकड्यांचा कागद तिचा नव्हता. त्या सिस्टरने तो तिच्याही हातात दिला होता. तिने पाहिला आणि परत दिला.

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी दुसरा ईसीजी निघाला तेव्हा तिथल्या वॉर्डबॉयलासुद्धा कळले की काहीतरी भलतेच आहे. मोठ्या डॉक्टरांनी लगेच अँब्युलन्स मागवली. मोठ्या हॉस्पिटलात अँजिओग्राफी झाली, बंद पडलेली रक्तवाहिनी उघडली, अण्णा वाचले. पण मधल्या साडेसहा तासांत हृदयाच्या पुढच्या भागाचा बराचसा स्नायू गेला होता. हृदयाचे पंपिंग पस्तीस टक्क्यांवर आले. ज्या माणसाने जन्मभर बसच्या खाली पडून गिअरबॉक्स उतरवले त्याला पुढे स्टेशनचा पादचारी पूल चढवेना. २०१४ साली अण्णा गेले.

मी कोणाला दोष द्यायला उभा नाही. रात्रपाळी आम्हीही करतो. पहाटे तीन वाजता रिले रूममध्ये बसून माणूस काय पाहतो आणि काय पाहूनही पाहत नाही, हे मला ठाऊक आहे. पण पत्नी एक वाक्य बोलली, ते अजून माझ्या कानात आहे. "अहो, तो कागद माझ्या हातात होता."

अण्णांच्या वर्षश्राद्धानंतर तिने लेबर वॉर्ड सोडून आयसीयूत बदली मागितली. घरी टेबलावर जाडजूड पुस्तके आली. रात्री मुलगी झोपली की जेवणाच्या टेबलावर कागद पसरायचे आणि हातात कंपास. होय, आपला शाळेतला कंपास! दोन ठोक्यांमधले अंतर त्याने मोजतात. मला प्रथम कुतूहल वाटले ते त्या कंपासमुळेच.

एकदा ती 'हार्ट ब्लॉक' या प्रकरणावर अडली होती. मी डोकावलो तर 'ब्लॉक' हा शब्द दिसला. म्हटले, ब्लॉक ही तर माझी भाकरी आहे! समजून घेतले ते असे. हृदयाच्या वरच्या कप्प्यात एक छोटी गाठ असते, तिथून प्रत्येक ठोक्याचा हुकूम सुटतो. तो वरच्या कप्प्यांतून पसरतो, कागदावर छोटा उंचवटा उमटतो, तो पी. मग तो मधल्या एका चौकीवर थांबतो. ही चौकी मुद्दाम वेळ काढते, म्हणजे वरचे कप्पे रिकामे होऊन खालचे भरतील. मग लाइन क्लिअर मिळते आणि हुकूम खालच्या मोठ्या कप्प्यांत धावतो, तेव्हा उंच टोकदार रेघ येते, ती क्यूआरएस. शेवटी टी, म्हणजे पुढच्या ठोक्यासाठी पुन्हा तयार होणे. पी सुरू झाल्यापासून क्यूआरएस सुरू होईपर्यंत तीन ते पाच बारीक चौकोन, ही चौकीची रीतसर वेळ.

आता चौकी आजारी पडली की काय होते? पहिल्या प्रकारात प्रत्येक गाडी उशिरा सुटते पण सुटते, पाचापेक्षा जास्त चौकोन लागतात. दुसऱ्या प्रकारातला एक नमुना वेंकेबाख या डॉक्टरच्या नावाने ओळखतात. पहिली गाडी जरा लेट, दुसरी आणखी लेट, तिसरी त्याहून लेट, आणि चौथी रद्दच! मग पुन्हा पहिल्यापासून. आपल्या बीच-तांबरम लोकलने रोज जाणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. तिसऱ्या प्रकारात चौकी पूर्ण बंद. वरचे स्टेशन आपल्या वेळापत्रकाने गाड्या सोडते, खालचे स्टेशन स्वतःच्या मनाने, मिनिटाला तीस-चाळीस. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. कागदावर पी आपल्या ठरावीक अंतराने चालत असतात, उंच रेघा आपल्या ठरावीक अंतराने, पण जुळत नाहीत. असा कागद दिसला की वाट पाहायची नसते, पेसमेकरची तयारी करायची असते.

पत्नी म्हणाली, "हे तुम्ही क्लासमध्ये येऊन सांगा." तोवर तिच्या हॉस्पिटलने तिला नव्या नर्सेसना शिकवायचे काम दिले होते. अशा रीतीने २०१९ साली हा सिग्नलवाला नर्सेसच्या वर्गात शिरला. वर्गात तमिळ मुली, मल्याळी मुली, दोन-तीन टेक्निशियन, अँब्युलन्सवर काम करणारे दोन तरुण. माझे तमिळ तुम्ही ऐकलेले आहेच. पण लोकलचे उदाहरण दिले आणि "पुरियुदा?" म्हणून विचारले, तर सगळ्या हसून माना डोलावू लागल्या. मी अण्णांचा उल्लेख केला की मात्र त्यांचा गोंधळ व्हायचा, कारण इथे अण्णा म्हणजे थोरला भाऊ.

या वर्गात आजार शेवटी येतो. पहिला दिवस नुसता तारांचा. ईसीजीला बारा तुकडे असतात पण तारा दहाच, चार हातापायांना आणि सहा छातीवर. रंग असे : लाल उजव्या हाताला, पिवळा डाव्या हाताला, हिरवा डाव्या पायाला आणि काळा उजव्या पायाला. मी म्हटले, हा तर आमचा कलर लाइट सिग्नल! लाल, पिवळा, हिरवा, उजव्या हातापासून सुरुवात करून फिरत जायचे. तेव्हापासून त्या बॅचच्या मुली त्याला 'रेल्वे लीड' म्हणतात. हातांच्या दोन तारा चुकून अदलाबदल झाल्या तर पहिल्या लीडमधले सगळे उलटे दिसते आणि एरवी खाली जाणारा एव्हीआर सरळ वर उभा राहतो. ज्याला हे माहीत नाही तो निरोगी माणसाला आजारी ठरवील.

छातीवरच्या सहा तारांची जागा हा तर वेगळाच विषय. पहिल्या दोन तारा चौथ्या बरगडीखालच्या फटीत, छातीच्या मधल्या हाडाच्या दोन बाजूंना लावायच्या. ती फट डोळ्यांनी दिसत नाही, बोटांनी मोजावी लागते. गळ्याच्या खळगीतून खाली येताना हाडावर एक उंचवटा लागतो. त्याला लागून दुसरी बरगडी असते, तिथून खाली मोजत जायचे. वर्गात जोड्या करून एकमेकींवर हे मोजायला लावतात. घाईत तारा दोन फटी वर लागतात आणि कागद बदलतो. बायकांच्या बाबतीत तर संकोचाने हमखास चुकते. साडी, ब्लाउज, बाहेर उभे असलेले नातेवाईक, मग तार जिथे सोयीची तिथे लागते. म्हणून पत्नी पहिल्या दिवशी पडदा ओढायला आणि "आक्का, दोन मिनिटे" म्हणून रुग्णाशी बोलायला शिकवते. तिचे म्हणणे, पडदा हासुद्धा ईसीजी यंत्राचा एक भाग आहे. मला हे फार पटले.

माझे काम एका खोक्याचे होते. सरावासाठी ईसीजी सिम्युलेटर बाजारात मिळतात, पण महाग. मी एक अर्डुइनो बोर्ड, काही रेझिस्टर आणि दहा टिचबटणे लावून एक खोके बनवले. यंत्राच्या दहा तारा त्याला लावायच्या आणि बटण फिरवले की वेगवेगळी लय कागदावर येते. पहिल्या दिवशी फजिती झाली. सगळ्या रेघांवर दाट केसाळ थरथर! कारण शोधले तर शेजारच्या भिंतीतली ५० हर्ट्झची वीज. २५ केव्ही ओव्हरहेडखाली सिग्नलच्या केबलमध्ये शिरणाऱ्या विजेशी जन्म काढलेला माणूस मी, आणि माझ्याच खोक्यात ती शिरली. मी ते दुरुस्त करायला घेतले तर पत्नी म्हणाली, "राहू द्या, हेच आधी शिकवायला हवं." खऱ्या वॉर्डात हे रोज होते. रुग्ण थंडीने कापतो, श्वासाबरोबर रेघ वरखाली होते, बटण सुटते. मॉनिटरवर भयंकर लय दिसली म्हणून सिस्टर धावत जाते, तर आजोबा निवांत दात घासत असतात! म्हणून नियम असा, की आधी रुग्ण पाहा, मग कागद.

इथे मला माझ्या धंद्यातला एक फरक सांगितल्यावाचून राहवत नाही. आमचा सिग्नल बिघडला तर तो लाल होतो. सगळी रचनाच तशी केलेली असते, की चूक झाली तर गाडी थांबावी. ईसीजी यंत्राचे तसे नाही. ते चुकले तर शांतपणे 'नॉर्मल' असे छापून देते. त्यामुळे वर्गात सरावाचे कागद देताना यंत्राने छापलेल्या ओळीवर चिकटपट्टी लावलेली असते. प्रत्येकीने आधी आपले वाचन मोठ्याने सांगायचे, मगच पट्टी काढायची. एकदा छापील ओळ वाचली की डोळे तेच शोधतात.

आणि वाचायचे तेही क्रमाने. नाव, तारीख, वेळ. मग कॅलिब्रेशनची खूण, कागदाच्या कडेला असलेला १० मिलिमीटर उंचीचा चौकटी टप्पा. तो नसेल तर बाकी मोजमाप फुकट. हे ऐकून मला गहिवरून आले, कारण मीटरचे कॅलिब्रेशन कोणी विचारत नाही ही माझी वीस वर्षांची तक्रार आहे. मग गती. दोन उंच रेघांमधले मोठे चौकोन मोजून ३०० ला भागायचे, चार आले तर ७५. लय बेभरवशाची असेल तर तीस मोठे चौकोन, म्हणजे सहा सेकंद, यातल्या उंच रेघा मोजून दहाने गुणायचे. त्यानंतर पी, मधली वेळ, क्यूआरएसची रुंदी, आणि सर्वांत शेवटी एसटी आणि टी. जुना कागद असेल तर शेजारी ठेवून पाहायचे.

कोणाला वाटेल, डॉक्टर असताना नर्सने एवढे कशाला शिकायचे? याला दोन उत्तरे आहेत. पहिले वेळेचे. छातीत दुखते म्हणून आलेल्या माणसाचा ईसीजी दहा मिनिटांत काढून वाचला जावा, असा जगभर नियम आहे आणि त्या दहा मिनिटांत खाटेजवळ नर्सच असते. आपल्या देशात तर रुग्ण पोहोचतोच उशिरा. २००८ साली 'लॅन्सेट'मध्ये आपल्या ५० शहरांतल्या वीस हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास आला. त्रास सुरू झाल्यापासून हॉस्पिटल गाठेपर्यंतचा मध्यम वेळ ३६० मिनिटे होता. सहा तास! बाहेर सहा तास गेल्यावर आत आणखी घालवायला काही उरतच नाही. दुसरे उत्तर जरा अवघड आहे. २०२० साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात जगभरच्या ७८ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. ईसीजी वाचनाच्या परीक्षेत वैद्यकीय विद्यार्थी ४२ टक्के बरोबर, शिकाऊ डॉक्टर सुमारे ५६, प्रॅक्टिस करणारे डॉक्टर सुमारे ६९ आणि खुद्द हृदयरोगतज्ज्ञ ७५. सगळ्यांचे मिळून शिकवण्याआधी ५४ टक्के होते, शिकवल्यावर ६७ झाले. याचा अर्थ हे कठीण आहे, सगळ्यांनाच कठीण आहे, आणि शिकवले की सुधारते. मी पत्नीला हे आकडे दाखवले तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे त्या पोरालाही कोणी धड शिकवलं नसेल." त्या रात्रीचा डॉक्टर तिला 'पोरगा' वाटू लागला होता.

आपल्या या तमिळनाडूत या बाबतीत मोठे काम झालेले आहे, आणि ते आपण अभिमानाने सांगावे. पेरांबूरच्या आमच्या रेल्वे हॉस्पिटलात डॉ. के. एम. चेरियन यांनी १९७५ साली देशातली पहिली कोरोनरी बायपास शस्त्रक्रिया केली, हे रेल्वेवाल्यांना माहीत असेल. त्याहून कमी माहीत असलेली गोष्ट अशी. कोइम्बतूरचे डॉ. थॉमस अलेक्झांडर आणि चेन्नईचे डॉ. अजित मुल्लासरी यांनी पुढाकार घेऊन राज्यात चार मोठी केंद्रे आणि भोवतालची लहान हॉस्पिटले जोडली. लहान ठिकाणी ईसीजी काढायचा, तो मोठ्या ठिकाणी पाठवायचा, तिथून सल्ला येतो, गाठ विरघळवणारे औषध सुरू होते आणि अँब्युलन्स निघते. आमच्या भाषेत जंक्शन आणि फ्लॅग स्टेशने. २०१७ साली याचे निकाल प्रसिद्ध झाले. २,४२० रुग्णांच्या त्या अभ्यासात एका वर्षातले मृत्यू १७.६ टक्क्यांवरून १४.२ वर आले. शंभरामागे तीन-साडेतीन माणसे. कोणतेही नवे औषध नाही, फक्त कागद वेळेवर योग्य माणसापुढे गेला. पुढे २०२३ साली राज्य सरकारने 'इदयम काप्पोम' म्हणजे 'हृदय जपू या' ही योजना आणली. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रातसुद्धा संशयित हार्ट ॲटॅकच्या रुग्णाला तीन औषधांच्या मिळून १४ गोळ्यांचा पहिला डोस देऊन पुढे पाठवतात.

सौकारपेठेतली आपली गलाईवाली मंडळी इथे बसली आहेत, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. रात्री-बेरात्री छातीत दुखले तर जिथे ईसीजी निघतो तिथे जा आणि १०८ ला फोन करा. आणि शेजाऱ्याच्या सल्ल्याने जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवू नका. हृदयाच्या उजव्या भागाचा ॲटॅक असेल तर त्या गोळीने रक्तदाब एकदम कोसळू शकतो. कागद पाहिल्याशिवाय ते कळत नाही. आणि घरी ईसीजीचे जुने कागद असतील तर त्यांची झेरॉक्स काढून ठेवा. तो कागद उष्णतेने उमटलेला असतो, काही वर्षांत पांढरा पडतो. तंजावरच्या सरफोजी राजांनी डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी चित्रांसह करून ठेवल्या, त्या दोनशे वर्षांनी सरस्वती महालात पाहायला मिळतात. आपले कागद दहा वर्षेही टिकत नाहीत.

हे मी अनुभवाने सांगतो, कारण अण्णांच्या त्या पहिल्या कागदाची झेरॉक्स मी तेव्हाच काढली होती. का काढली, माहीत नाही. खात्यात अपघात झाला की कागद आधी ताब्यात घ्यायचे, ही सवय असेल. मूळ कागद आता जवळजवळ कोरा आहे. झेरॉक्स आहे.

२०२२ साली, कोविडनंतर वर्ग पुन्हा सुरू झाले तेव्हा, मी खोके लावून मागे उभा होतो. पत्नीने सरावाच्या कागदांमध्ये एक कागद ठेवला. नाव झाकलेले, यंत्राच्या ओळीवर चिकटपट्टी, वेळ मात्र उघडी, २३.४०. मला आधी काही सांगितले नव्हते. वयाची एकसष्टी, छातीत जड, घाम, एवढीच माहिती तिने दिली. मुली क्रमाने वाचू लागल्या. कॅलिब्रेशन बरोबर, गती ८८, लय नियमित. मग पुढच्या बाकावरची एक मुलगी, तिरुनेलवेलीकडची, जेमतेम तेवीस वर्षांची, म्हणाली, "मॅडम, व्ही-२ ते व्ही-४ मध्ये टी फार उंच आहे. रुंद पण आहे. क्यूआरएसच्या मानाने मोठा दिसतो." पत्नीने विचारले, "मग काय करशील?"

"ॲटॅकची सुरुवात असू शकते. डॉक्टरांना बोलवीन आणि पंधरा मिनिटांनी परत काढीन. दुखणं चालू असलं तर परत परत काढीन."

मी घड्याळ पाहिले नव्हते, पण मिनिटभरसुद्धा गेले नसेल.

मग त्याच मुलीने विचारले, "मॅडम, दुसरा ईसीजी किती वाजताचा आहे?"

पत्नी म्हणाली, "सकाळी सहा दहाचा."

वर्गात कोणी काही बोलले नाही. ती मुलगी पुन्हा कागदावरची वेळ वाचू लागली, आपण काही चुकीचे वाचले का, अशा चेहऱ्याने. पत्नीने दुसरा कागद बोर्डावर लावला आणि एसटी कुठे-कुठे वर गेला आहे ते एकेकीला विचारू लागली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. रुग्ण कोण, हे तिने सांगितले नाही, मीही नाही. घरी येताना लोकलमध्ये ती एवढेच म्हणाली, "त्या मुलीला रात्रपाळीला कॅज्युअल्टीत घ्यायला सांगते."

तिला घेतले. अजून तिथेच आहे.

ती झेरॉक्स आता प्रत्येक तुकडीच्या तिसऱ्या दिवसाच्या फाइलीत असते. खोक्यावर मी नुकतेच एक नवे बटण बसवले आहे. ते फिरवले की तसाच उंच, रुंद टी येतो, आणि पुढच्या दर मिनिटाला एसटी हळूहळू वर चढत जातो, म्हणजे परत परत ईसीजी काढणाऱ्यालाच तो दिसेल. टी ची उंची अजून मनासारखी जमलेली नाही, व्ही-३ मध्ये जरा बसका येतो. दसऱ्यानंतरच्या तुकडीपर्यंत जमेल असे वाटते.

आरतीची वेळ झाली आहे आणि सेक्रेटरी साहेब मघापासून हाताने खुणा करत आहेत.  गणपती बाप्पा मोरया!